मागच्या खुर्चीतला आवाज

शनिवार, १ मार्च

कंपनीच्या पोर्टलवर समाजसेवेचा अहवाल टाकायचा असतो. तो इंग्रजीत आणि गोडगोड. खरं काय ते इथे लिहीन, म्हणजे बायकोला, मीराला, दररोज तेच ते ऐकावं लागणार नाही.

आज हॅझेल रनला गेलो. मॉरिसव्हिलमधल्या आमच्या टाउनहाउसपासून गाडीने पाच-सात मिनिटं. इतक्या वर्षांत इंडियन ग्रोसरीच्या सिग्नलला उजवीकडे वळलो, डावीकडे कधी वळलो नाही. डावीकडे काळ्या लोकांची जुनी वस्ती आहे. एक चर्च, थोडी घरं, मागे कब्रस्तान. आमची कॉलनी जिथे उभी आहे तिथे पूर्वी याच लोकांची तंबाखूची शेतं होती म्हणे. हे मला आज कळलं.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये हे लोक स्वतःचा संग्रह उभा करतायत. फोटो, बंद पडलेल्या शाळेच्या ट्रॉफ्या, अंत्यविधीला वाटलेल्या पुस्तिका. सगळा कारभार रोंडाकडे. ती शाळेत ग्रंथपाल होती, आता निवृत्त आहे. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करण्याचं कामही ती करते. ऑगस्टमध्ये इथे होमकमिंग असतं, म्हणजे पोटापाण्यासाठी बाहेर गेलेले सगळे एका रविवारी गावी परततात. त्या दिवशी उद्घाटन.

मी दोन रेकॉर्डिंगं ऐकली आणि कपाळाला हात लावला. पंखा, खुर्च्या, मालगाडी, मागे कोण ना कोण बोलतंय. पंधरा वर्षं मी कॉल सेंटरसाठी हेच करतोय, माणसाच्या आवाजामागचा गोंगाट काढणं. यांना नेमका माझ्यासारखाच माणूस हवा होता. तसं सांगूनही टाकलं.

रोंडा म्हणाली, "नियम एकच आहे. इथलं काही फेकायचं नाही."

मी मान डोलावली. खोक्यांना मी हात लावणारच नाही, मग फेकायचा प्रश्न येतो कुठे.

शनिवार, ८ मार्च

आज रेकॉर्डिंगला मीच बसलो. बोलणार होत्या मिस व्हर्लीन. इथे वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. मिस किंवा मिस्टर लावायचं आणि पुढे पहिलं नाव. आपल्या मावशी-काकांसारखंच. ऑफिसात मी व्हाइस प्रेसिडेंटला केव्हिन म्हणतो, इथे मात्र आपोआप नीट बसलो. बुद्धभूषण त्यांना जमेना, म्हणून मी ब्रदर बी झालो. ऑफिसातल्या 'बुद्धा'पेक्षा बरं.

मिस व्हर्लीन ऐंशीच्या पुढच्या, पण बोलणं खणखणीत. त्यांचे यजमान मिस्टर लेम्युएल दाराजवळच्या मागच्या खुर्चीत, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. रोंडा त्यांच्या मुलाखतीच्या मागे कधीची लागली आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं. "ती सांगतेय ना."

मिस व्हर्लीननी शाळेची गोष्ट सांगितली. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा एक करायचं ठरलं, तेव्हा काउंटीने काळ्यांची शाळा बंद केली. कपाटातल्या ट्रॉफ्या, बँडचे फोटो, सगळं ट्रकात भरून कचऱ्याच्या डंपवर नेऊन ओतलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी आपला ट्रक घेऊन गेलं आणि सगळं उचलून आणलं. कितीतरी वर्षं ते एका कोठारात लपवून ठेवलं होतं. तोच हा संग्रह.

"कोण गेलं ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याला माहीत आहे."

मागून आवाज आला, "म्हं-हं." सगळा हॉल हसला. यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

एक अडचण आहे. एक माणूस बोलत असताना बाकीचे गप्प बसतच नाहीत. दर वाक्याला "म्हं-हं", "खरंय", "सांग, सांग". मिस्टर लेम्युएल तर अखंड. मी नम्रपणे विचारलं, जरा शांत राहता येईल का? सगळ्यांनी होकार दिला. दुसऱ्याच वाक्याला पुन्हा "म्हं-हं". असो. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे.

शनिवार, २२ मार्च

स्वतःची पाठ थोपटतो. सगळी रेकॉर्डिंगं साफ केली. मिस व्हर्लीन अशा ऐकू येतात की स्टुडिओत बसून बोलल्यासारख्या. त्या मध्येमध्ये फार थांबतात, त्या रिकाम्या जागाही कापल्या. गोष्ट आता सरसर पुढे जाते.

काढलेला सगळा गोंगाट वेगळ्या फायलींमध्ये निघतो. तो एका फोल्डरमध्ये ठेवला, नाव 'कचरा'. होमवर्क करता करता इलाने स्क्रीनकडे बघितलं. "बाबा, व्हाय वुड एनीवन कीप गार्बेज?" तिला म्हटलं, आधी आणि नंतर असं दाखवता येतं, म्हणजे किती घाण काढली ते लोकांना कळतं. तिने खांदे उडवले.

ड्राइव्ह भरत आली होती, म्हणून मूळ फायली उडवल्या. रेकॉर्डरचं कार्डही पुसून पुढच्या मुलाखतीसाठी तयार ठेवलं. कामात शिस्त पाहिजे.

रविवार, ६ एप्रिल

पुढच्या शनिवारी आपल्या मंडळींची भीमजयंती. दरवर्षी तीच चार गाणी यूट्यूबवरून लावतात, म्हणून या वेळी मी वेगळं करायचं ठरवलं. नागपूरला बाबा एका गायन पार्टीत होते. दिवसा वीज मंडळाची नोकरी आणि एप्रिल लागला की वस्त्यावस्त्यांत भीमगीतं. कोरसमध्ये उभे राहायचे. त्या पार्टीची एक कॅसेट निघाली होती. पुढे मुख्य गायकाचा फोटो आणि नाव. दादाने ती कॉम्प्युटरवर उतरवून पाठवली. आवाज पार दबलेला होता. माझ्या सॉफ्टवेअरने असा मोकळा केला की मुख्य गायक समोर उभा राहावा. बाबांना लगेच पाठवलं.

आज व्हिडिओ कॉल केला. बाबांशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी सांगत राहायचं, आणि पलीकडून "हो"च्या जागी फक्त "हव". इलाची शाळा, हव. माझं प्रमोशन, हव.

"बाबा, गाणं ऐकलं का?"

"हव. साफ झालं."

एवढंच. नंतर दादा म्हणाला, त्यांनी दोनदा ऐकलं, मग मोबाईल ठेवून दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. ऊन फार आहे तिकडे. थकले असतील.

रविवार, १३ एप्रिल

जयंती दणक्यात झाली. बाबांच्या पार्टीच्या गाण्याला टाळ्या पडल्या. लहू माझा जुना मित्र, रालेला बँकेत आहे. तो म्हणाला, "यार, काय क्लिअर केलंयस. फक्त कोरस कुठे गेला? एकट्यानेच गातोय असं वाटतं." त्याला म्हटलं, मुख्य आवाज महत्त्वाचा. लहूला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.

शनिवार, ३ मे

हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर माझं काम ऐकवलं. नमुन्याला काढलेल्या गोंगाटाचे दोन-चार सेकंद, नंतर स्वच्छ आवाज. सगळे अगदी शांत बसून ऐकत होते, पहिल्यांदाच. प्रभाव पडला असावा.

मिस व्हर्लीननी मी दिलेले हेडफोन काढून हातात धरले. "मी एकटीच बोलतेय होय?"

"हो, आता एकदम स्पष्ट," मी म्हणालो.

त्यांनी मागच्या खुर्चीकडे बघितलं. मिस्टर लेम्युएल गालात हसले. रोंडा म्हणाली, "फारच स्वच्छ झालंय." निघताना मिस्टर लेम्युएल माझं सामान गाडीपर्यंत घेऊन आले आणि मागच्या सीटवर त्यांच्या शेतातल्या स्ट्रॉबेरीची टोपली ठेवली. मी पुन्हा पुन्हा आभार मानले. ते दरवेळी म्हणाले, "म्हं-हं."

स्ट्रॉबेरी बरोबर आलेल्या इलाने आणि मी घरी पोचायच्या आत निम्म्या संपवल्या. पोर्टलवर फोटो टाकला.

शनिवार, १४ जून

मिस्टर लेम्युएल गेले. झोपेतच. आज अंत्यविधी होता. इथे त्याला होमगोइंग म्हणतात, घरी जाणं. मीरा आणि मी आपल्या रीतीप्रमाणे पांढरे कपडे घालून गेलो, आणि दारात उभ्या राहून लोकांना जागा दाखवणाऱ्या चर्चमधल्या बायकाही पांढऱ्या साड्यांत उभ्या असाव्यात तशा नखशिखान्त पांढऱ्यात होत्या. त्यांनी आम्हाला घरच्यांसारखं पुढे नेऊन बसवलं. पाद्रीबाबांच्या प्रत्येक वाक्याला लोक साद देत होते. मिस व्हर्लीन तेवढ्या गप्प होत्या. मी त्या माणसाला नीट ओळखतही नव्हतो, तरी रडू आलं.

शनिवार, २१ जून

मिस व्हर्लीन आज हॉलमध्ये आल्या आणि सरळ माझ्यापाशी बसल्या.

"ब्रदर बी, एक काम आहे. माझ्याकडे लेम्युएलचा आवाज कुठेच नाही. फोनवरचा मेसेज माझा. लग्नाच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत तो कॅमेऱ्याला पाठ करून मांस भाजतोय. पण मी शाळेची गोष्ट सांगत होते तेव्हा तो मागे होता. सगळा वेळ मला साथ देत होता. तेवढं मला काढून दे. दुसरं काही नको."

मी म्हणालो, "देतो ना."

मूळ फायली मी मार्चमध्येच उडवल्यात, हे गाडीत बसल्यावर आठवलं.

रविवार, २२ जून

सकाळपासून शोधलं. मूळ फाईल नाही. कार्डावर दुसरी मुलाखत चढलीय. ऑनलाइन बॅकअपमध्ये माझी स्वच्छ फाईल आहे, फक्त तीच. ती लावली. "त्याला माहीत आहे," आणि लगेच पुढचं वाक्य. त्या दोन वाक्यांच्या मध्ये तो माणूस होता. मी त्यालाही काढलं आणि तो जिथे होता ती जागाही शिवून टाकली.

मीरा म्हणाली, "जाऊन सांग सरळ. ईमेल ड्राफ्ट करत बसू नकोस." मी तेच करत बसलो होतो.

शनिवार, २८ जून

रोंडाला सांगितलं. तिने हातातला फोटो खाली ठेवला आणि चष्मा काढला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्या गोष्टीत डंपवर ट्रक घेऊन कोण गेलं, तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"लेम्युएल. सगळ्या गावाला माहीत आहे. पण त्याने कधी तोंडाने सांगितलं नाही आणि तिने कधी सांगू दिलं नाही. त्या वेळी कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. नंतर तशी सवयच पडली. ती म्हणायची, त्याला माहीत आहे. तो म्हणायचा, म्हं-हं. तेवढीच त्याची साक्ष."

मी बाजू मांडत राहिलो. सॉफ्टवेअर लांबचा आवाज गोंगाट धरतं, एकच माइक होता वगैरे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुझा हेतू वाईट नव्हता," ती म्हणाली. "काउंटीनेही तेव्हा कपाटं साफच केली होती. आता मिस व्हर्लीनला तू सांगायचंस, मी नाही."

गाडीत बसून राहिलो. साफ केली आणि डंपवर ओतली. ते शब्द डोक्यातून जाईनात, आणि गाडी सुरू करताना एकदम लख्ख आठवलं. माझाही डंप आहेच की. मी त्याला नावसुद्धा तेच दिलंय.

घरी येऊन 'कचरा' उघडलं. त्यातल्या फायली मी कधी पूर्ण ऐकल्याच नव्हत्या, नुसती घरघर असणार म्हणून. स्पीकरवर लावली. पंखा. खुर्ची. लांबवर मालगाडी. मीरा पोळ्या लाटत होती, तिचा हात थांबला. "अरे, कोणीतरी आहे यात."

"म्हं-हं."

थोड्या वेळाने, "खरंय." मग बराच वेळ पंखा. मग पुन्हा तो. मिस व्हर्लीनचा एक शब्दही नाही. पूर्ण लांबीची फाईल, एकही जागा न कापलेली, आणि त्यात मिस्टर लेम्युएल एकटे बसलेले. माझा जीव भांड्यात पडला. मग स्पीकर बंद केला, कारण ते ऐकवत नव्हतं. एखाद्या माणसाला त्याच्या बायकोपासून असं सोलून वेगळं काढलं होतं मी.

रविवार, २९ जून

मिस व्हर्लीनच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. मूळ फाईल मी उडवली, तुमचे दोघांचे आवाज एकत्र आता कुठेच नाहीत, त्यांचा एकट्याचा आहे. त्यांनी आइस-टीचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"फोल्डरचं नाव काय म्हणालास?"

मी पुन्हा सांगितलं. त्या आधी हसल्या आणि मग डोळे पुसत बसल्या. "त्याला आवडलं असतं. त्याने अख्खी शाळा तिथूनच आणली."

आता ऐकवू का, विचारलं. नको म्हणाल्या. "होमकमिंगला. सगळ्यांसमोर. तुझा तो मोठा स्पीकर आण."

रविवार, १० ऑगस्ट

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डेट्रॉइटहून, न्यू जर्सीहून लोक आलेले, नातवंडांच्या टी-शर्टवर घराण्यांची नावं. आम्ही तिघंही गेलो. लहूला ओढून नेलं. स्पीकर मी चार वेळा तपासला.

मिस व्हर्लीन पुढे बसल्या. दाराजवळची मागची खुर्ची रोंडाने रिकामी ठेवली होती आणि तिच्यावर टोपी. स्पीकर मी त्याच खुर्चीपाशी ठेवला होता; तसं मिस व्हर्लीननी बजावलं होतं. मला वाटलं होतं, त्या डोळे मिटून ऐकतील. त्यांनी खूण केली, मी फाईल सुरू केली, पंख्याची घरघर सुरू झाली, आणि त्यांनी तोंड उघडलं.

"आमच्या शाळेला लाल विटा होत्या."

"म्हं-हं," मागून.

सगळ्या हॉलने वळून पाहिलं. त्या पुढे बोलत राहिल्या. तीच गोष्ट, तशीच, पुन्हा. त्यांना त्यांची गोष्ट पाठ होती आणि मिस्टर लेम्युएल कुठे बोलायचे तेही पाठ होतं. कुठे त्या पुढे जायच्या, तर थांबायच्या. मिस्टर लेम्युएलचा आवाज आला की पुन्हा निघायच्या. ज्या थांबण्यांना मी कात्री लावली होती ती सगळी मला आज कळली. लोकही साद द्यायला लागले, "सांग, सांग", आणि त्यात स्पीकरमधला आवाज कुठला आणि माणसांचा कुठला ते वेगळं करणं माझ्या सॉफ्टवेअरलाही जमलं नसतं. इला माझा दंड धरून उभी होती.

"कोण गेलं ते मी सांगणार नाही. त्याला माहीत आहे."

त्या थांबल्या. पंखा. खुर्ची करकरली. लांबून मालगाडी. फार वेळ लागला. मला वाटलं, फाईल अडकली. हात बटणाकडे गेला होता.

"म्हं-हं."

कोणी हसलं नाही. मग मागच्या बाजूने हसू फुटलं, त्या मार्चमधल्या स्पीकरमधल्या हॉलचं, आणि त्याच्या पाठोपाठ आजचा हॉल हसला. मिस व्हर्लीन हसू ओसरेपर्यंत थांबल्या.

"लेम्युएल गेला होता," त्या म्हणाल्या. "ट्रक आमचा होता. मी त्याच्या शेजारी बसले होते."

त्या स्वतः गेल्या होत्या हे रोंडालाही माहीत नव्हतं. तिच्याकडे बघून कळलं. मी आजचं सगळं रेकॉर्ड केलंय. पंखा, मुलं, खुर्च्या, सगळ्यांसकट. तसंच राहणार.

शनिवार, १६ ऑगस्ट

फोल्डरला आता 'लेम्युएल' असं नाव दिलंय. त्याच्या शेजारीच बाबांच्या कॅसेटचा काढलेला गोंगाटही पडून होता. हा आठवडाभर मी तो उघडायचं टाळत होतो. आज सकाळी उघडला. त्यात मुख्य गायक नाही. ढोलकीचा थोडा खडखडाट आणि मागे चार-पाच माणसं, ओळीचं शेपूट धरून उभी. इतकी वर्षं मी बाबा गातात असं सांगत आलोय, आणि त्यातले बाबा कुठले ते मला ओळखता येईना.

कॉल लावला. नागपूरला संध्याकाळ होती. दादाने मोबाईल बाबांच्या हातात दिला. मी फाईल लावली. बाबा स्क्रीनच्या अगदी जवळ आले, नुसता कान दिसत होता.

"बाबा, त्या दिवशी तुम्हाला पाठवलं त्यात तुम्ही नव्हता. मी काढलं होतं. यात आहात. पण कुठले ते सांगा."

बराच वेळ नुसता कान. मी गप्प राहिलो. आता मला थांबता येतं.

"थो जरा मागून येते ना," बाबा म्हणाले, "थो मी."

पुन्हा लावलं. सगळे एकदम थांबतात आणि एक आवाज किंचित उशिरा विरतो.

"चुकून मागे राहायचात?"

"चुकून कायले? मुद्दाम. त्याले दम घ्याले जागा पाहिजे ना. मी धरून ठेवत होतो, तवरीक थो श्वास घे."

मग ते बोलायला लागले. ढोलकीवाला कोण, कोरसमधले बाकीचे कोण, कुठल्या वस्तीत विजेच्या खांबावरून लाइन घेतली होती आणि ती घेणारा माणूस वीज मंडळाचाच कसा होता. स्वतःच हसले. मी इतकं बोलताना त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी मध्ये काही विचारलं नाही. ते श्वास घ्यायला थांबले की मी म्हणायचो, "हव."

रेकॉर्डिंग चालू होतं. स्वयंपाकघरात मीराने मिक्सर सुरू केला. बंद कर म्हणायला मी हात वर केला, आणि मग तसाच खाली घेतला.